व्यसन आणि मनाचा आजार एकत्र हाताळायला शिकायचंय? गोव्यातून सुरुवात कशी करावी

सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून एक आई मुलाला घेऊन आली होती. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत दोन फायली. एक व्यसनमुक्ती केंद्राची, दुसरी मनोविकाराच्या ओपीडीची. पहिल्या फायलीत शेवटचा शेरा होता, ‘कानात आवाज येतात, मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवले.’ दुसरीत होता, ‘आधी दारू बंद, मग पुन्हा दाखवा.’ दोन शेऱ्यांमध्ये अकरा दिवस गेले होते. दोन्ही फायली एकाच पिशवीत फिरत होत्या आणि दोन्हीकडे कुणी दुसरी उघडून बघितली नव्हती. आई मात्र दोन्ही उघडून माझ्यासमोर ठेवून म्हणाली, “बाई, ह्यातली खरी खंयची?” (यातली खरी कुठली?)

(ओळख पटू नये म्हणून इथले सगळे तपशील मी बदलले आहेत.)

मनाचा आजार आणि व्यसन एकाच माणसात असतात तेव्हा त्याला ‘ड्युअल डायग्नोसिस’ म्हणतात. मराठीत दुहेरी निदान. हे काम शिकायला येणारी मुलं-मुली मला दर वर्षी भेटतात. कुणी एमबीबीएस झालेलं असतं, कुणी एम.ए. सायकॉलॉजी, कुणी एम.एस.डब्ल्यू., कुणी नर्सिंगचं. प्रश्न सगळ्यांचा सारखाच: कुठला कोर्स करू? माझं उत्तरही सारखंच असतं. ज्या ठिकाणी त्या दोन फायली एकाच टेबलावर, एकाच माणसासमोर उघडतात, तिथे शिका. पदवीचं नाव त्यानंतर बघू.

गोव्यात हे शिकणं लांबणीवर टाकण्यासारखं नाही. केंद्र सरकारसाठी एम्सच्या तज्ज्ञांनी केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. देशात दारूचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांत त्यात छत्तीसगड, त्रिपुरा, पंजाब, अरुणाचल यांच्या बरोबरीने गोव्याचं नाव आहे. त्याआधी, २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत दारूच्या आजाराचे सुमारे ८६ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचतच नाहीत असं दिसलं होतं. जे पोचतात त्यांना आपण या दारातून त्या दारात पाठवतो, तेव्हा तेही गळतात.

पहिली पायरी: तुमचं दार कुठलं

हा भाग थोडक्यात उरकते, कारण नियम बदलत राहतात आणि शेवटी अधिकृत यादी तुम्हालाच तपासावी लागणार आहे.

डॉक्टर असाल तर सरळ वाट एम.डी. सायकियाट्रीची. गोव्यात ते शिक्षण बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत मिळतं. आपण सगळे तिला आयपीएचबी म्हणतो. पुढे व्यसनोपचारातच जायचं ठरवलं तर डी.एम. ॲडिक्शन सायकियाट्री हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बंगळुरूचं निम्हान्स, दिल्लीचं एम्स आणि चंडीगडचं पीजीआय इथे तो चालतो. एम्सचं काम गाझियाबादमधल्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्रातून होतं. जागा मोजक्या असतात. प्रवेश परीक्षेची तयारी एम.डी.च्या दुसऱ्या वर्षापासूनच मनात धरा.

एम.डी. करायचं नाही, पण वाळपईत किंवा काणकोणात प्रॅक्टिस आहे आणि रोज असे रुग्ण येतात, अशा डॉक्टरांसाठी निम्हान्सच्या डिजिटल ॲकॅडमीचे डिप्लोमा आहेत. दवाखाना बंद न करता करता येतात. ॲकॅडमीत मानसशास्त्रज्ञ, सोशल वर्कर आणि नर्स यांच्यासाठीही वेगळे अभ्यासक्रम आहेत.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी इथे जरा थांबावं, कारण सगळ्यात जास्त गोंधळ याच दारात आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि नोंदणीसाठी परिषदेने मान्य केलेलाच अभ्यासक्रम लागतो. इतकी वर्षं तो म्हणजे दोन वर्षांचं एम.फिल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना तेवढी २०२५-२६ पर्यंत सवलत दिली. परिषदेने त्या जागी नव्या रचनेचे अभ्यासक्रम आणले आहेत. म्हणून पाच वर्षांपूर्वी पास झालेल्या ताईने सांगितलेला रस्ता तसाच असेल असं धरू नका. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी असते. ती स्वतः उघडा, आणि संस्थेचं नाव त्या यादीत दिसल्याशिवाय एक रुपयाही भरू नका.

सोशल वर्करने एम.एस.डब्ल्यू.मध्ये मेडिकल अँड सायकियाट्रिक शाखा घेतली असेल तर उत्तम. घेतली नसेल तर फील्डवर्क तरी मनोविकार वॉर्डात मागून घ्यावं. नर्सना मानसिक आरोग्यातलं एम.एस्सी. किंवा सायकियाट्रिक नर्सिंगचा डिप्लोमा आहे. माझ्या अनुभवात या कामाला सगळ्यात लवकर तयार होतात त्या नर्स. रात्री दोन वाजता रुग्णाचे हात कसे थरथरतात ते त्यांनी बघितलेलं असतं. आम्ही बाकीचे दहानंतर येतो.

स्वतः व्यसनातून बाहेर पडून काउन्सेलर होऊ पाहणारेही बरेच असतात. तुमचा अनुभव मोलाचा आहे, पण दुसऱ्याच्या आजाराला तो पुरेल असं नाही. कोलंबो प्लॅन या आंतरराष्ट्रीय संस्थेने तयार केलेला ‘युनिव्हर्सल ट्रीटमेंट करिक्युलम’ तुमच्यासाठी चांगला पाया आहे. त्याच्या आठ मूलभूत भागांपैकी एक पूर्ण भाग व्यसनासोबत येणाऱ्या मानसिक आणि शारीरिक आजारांवर आहे. पुण्याच्या मुक्तांगणनेही काउन्सेलरांच्या प्रशिक्षणाचं काम बरीच वर्षं केलं आहे. १९८६ साली सुरू झालेली ती संस्था आहे, आणि शिकणं मराठीतून होतं, ही आपल्याकडच्या मुलांसाठी मोठी सोय.

दुसरी पायरी: ‘शेवटचा घोट कधी?’

तुम्ही डॉक्टर नसलात तरी हा भाग तुमच्यासाठी आहे. डॉक्टर नसलेल्यांसाठी तर जास्तच.

मी नवीन असतानाची गोष्ट. एका केंद्रात तिसरा महिना चालू होता. पन्नाशीचे एक गृहस्थ समोर बसले होते. घाम आलेला, बोटं थरथरत होती, डोळे दाराकडे. झोप नाही म्हणाले, जीव घाबरतो म्हणाले. एम.ए.ला शिकलेलं सगळं मला आठवलं आणि मी त्यांना चिंता कमी करायचा श्वासाचा व्यायाम शिकवला. चांगली वीस मिनिटं. त्यांनी मन लावून केला. त्याच रात्री ते भिंतीवरच्या न दिसणाऱ्या मुंग्या झटकायला लागले, बायकोला ओळखेनात, आणि घरच्यांनी त्यांना गाडीत घालून इस्पितळात नेलं. डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे दारू अचानक थांबल्यावर होणारा तीव्र भ्रम. आदल्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या मनाने दारू एकदम बंद केली होती. मी विचारलंच नव्हतं. ते वाचले. पण त्या वीस मिनिटांत मी एक साधा प्रश्न विचारला असता तर ते दुपारीच वॉर्डात पोचले असते.

तेव्हापासून माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हा प्रश्न पाठ करायला लावते: शेवटचा घोट कधी? रोज पिणाऱ्याने दारू एकदम थांबवली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण ४८ ते ९६ तासांत डिलिरियमचा धोका असतो. थरथर, घाम, भीती ही लक्षणं पॅनिकमध्येही असतात आणि दारू उतरतानाही असतात. फरक कळतो तो तासांच्या हिशेबाने.

अभ्यासक्रम कुठलाही असो, पुढच्या गोष्टी शिकवतात का ते बघा. शिकवत नसतील तर स्वतः मागे लागून शिका.

दीर्घकाळ पिणाऱ्या, नीट न जेवणाऱ्या माणसाच्या शरीरात थायमिन (व्हिटॅमिन बी-१) कमी असतं. त्याला ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी थायमिन द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. औषध डॉक्टर देतील, पण ‘हा तीन आठवडे जेवलेला नाही’ हे डॉक्टरांना सांगणारे तुम्ही असता.

डायसल्फिराम ही दारू सोडवण्यासाठीची गोळी घरच्यांनी गुपचूप चहात किंवा आमटीत घालणं हा प्रकार आपल्याकडे खूप आहे. त्या गोळीवर दारू प्यायली की रक्तदाब कोसळू शकतो, माणूस दगावू शकतो, आणि गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो. सायकोसिसच्या (भास-भ्रमाच्या आजाराच्या) रुग्णात ती आजार वाढवूही शकते. “त्याला न कळता द्यायचं काही आहे का?” असं आई किंवा बायको विचारते तेव्हा ती वाईट हेतूने विचारत नाही, थकलेली असते. तिला न रागावता ‘नाही’ म्हणायला आणि का नाही ते समजावायला शिकावं लागतं. मला हे जमायला दोन वर्षं लागली.

क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही सायकोसिसवरची औषधं घेणाऱ्यांचं बिडी-सिगारेटचं प्रमाण नोंदवा. धुरातल्या घटकांमुळे ही औषधं शरीरात लवकर संपतात. वॉर्डात दाखल झाल्यावर सिगारेट एकदम सुटली की त्याच डोसने औषधाची पातळी वर जाते, रुग्ण पेंगायला लागतो, आणि नातेवाईक म्हणतात, इथे आणून आणखी बिघडला. लिथियमवर (मूडच्या आजाराच्या औषधावर) असलेला माणूस पिऊन दिवसभर उलट्या करत असेल तर तीही तातडीची बाब आहे.

तिसरी पायरी: आधी काय, नंतर काय

त्या आईचा प्रश्न, ‘खरी खंयची’, हाच या विषयाचा गाभा आहे. माणूस उदास आहे म्हणून पितो, की पितो म्हणून उदास आहे? गांजाने आवाज सुरू झाले, की आवाज दाबायला गांजा आला? घरचे बहुतेक वेळा म्हणतात, टेन्शनमुळे पितो. रुग्णही तेच म्हणतो. कधी ते खरं असतं. कधी दारूच ते टेन्शन तयार करत असते.

याचं उत्तर एका बैठकीत मिळत नाही. पण शोधायची एक पद्धत आहे आणि ती मी अशी शिकवते. एक मोठा कागद आडवा धरा. वर डावीकडून उजवीकडे वर्षं. खाली तीन ओळी. पहिल्या ओळीत आयुष्यातल्या घटना, दुसरीत नशा, तिसरीत मन.

तारखा कुणालाच आठवत नाहीत. ‘जून २०१४ मध्ये किती पीत होतात?’ असं विचारलंत तर खांदे उडवतील. आपल्या माणसाला आपल्या दिनदर्शिकेने विचारा. चवथीला घरी होता का? त्या चवथीला माटोळी कुणी बांधली? शिगम्यात रोमटात नाचला, की झोपून होता? काजूचा हंगाम चालू असताना, हुर्राक (काजूची दारू) येतं त्या दिवसांत किती? खाणी बंद पडल्या २०१२ साली, तेव्हा ट्रक होता का, तो विकला कधी? डिचोली-सांगे भागात या एका प्रश्नाने पाच वर्षांचा इतिहास उलगडतो.

मग सगळ्यात मोलाची गोष्ट शोधा: नशेशिवाय गेलेला सगळ्यात लांब काळ. आपल्याकडे जहाजावर जाणारे पुष्कळ. एका तारवट्याने मला सांगितलं की एका पूर्ण कंत्राटात, आठ महिने, त्याने थेंबही घेतला नव्हता. मी विचारलं, त्या आठ महिन्यांत झोप कशी होती? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “न्हीद पडनाशिल्ली (झोप लागत नव्हती). रात्री डेकवर उभा राहायचो आणि वाटायचं, उडी घ्यावी.” कागदावर दुसरी ओळ कोरी होती आणि तिसरी ओळ काळीभोर. त्याचं नैराश्य दारूच्या आधारावर उभं नव्हतं. त्याला दोन्हींचा उपचार लागणार हे तिथेच स्पष्ट झालं. पुढचे सगळे प्रश्नही मी आत्महत्येच्या धोक्याच्या अंगाने विचारले.

उलटही दिसतं. नशा थांबवल्यावर साधारण महिनाभरात मनाची लक्षणं ओसरली तर ती नशेमुळेच होती असं मानायला जागा असते. पण म्हणून महिनाभर काहीच करायचं नाही असा याचा अर्थ नाही. ‘आधी दारू बंद, मग या’ हा शेरा इथेच चुकतो. मरणाचे विचार असलेल्या माणसाला महिना थांबवता येत नाही.

पुस्तकांत तुम्हाला तीन पद्धती भेटतील: एकामागून एक उपचार, दोन ठिकाणी समांतर उपचार, आणि एकाच चमूने केलेला एकत्रित उपचार. परीक्षेत तिन्ही लिहा. काम शिकायला मात्र तिसरी जिथे चालते तिथे जा, आणि ती पूर्णपणे कुठेच चालत नसेल तर निदान दोन चमू आठवड्यातून एकदा एकत्र बसतात ती जागा शोधा.

मोजपट्ट्याही शिकून घ्या. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची प्रश्नावली आहे, ८ किंवा जास्त गुण आले तर काळजीचं. सगळ्या पदार्थांसाठी ‘असिस्ट’ आहे. फॉर्म भरून घेणं सोपं आहे. ‘एक ड्रिंक’ म्हणजे किती, हे गावठी काजू पिणाऱ्याला विचारताना घाम फुटतो. मी स्टीलचा पेला टेबलावर ठेवते आणि त्यालाच पाणी ओतून दाखवायला सांगते.

चौथी पायरी: बोलायला शिकणं

मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग हे नाव सगळीकडे ऐकाल. विल्यम मिलर यांनी १९८३ साली ही पद्धत मांडली, पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवली. दोन दिवसांच्या कार्यशाळेत तिची ओळख होते. ती येते मात्र स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून (रुग्णाची लेखी परवानगी घेऊन) वरिष्ठांसमोर ऐकल्यावरच.

आपली सवय उपदेशाची. “अरे, बायको-पोरांकडे बघ.” रुग्ण मान डोलवतो आणि बाहेर पडून तावेर्नात जातो. त्याऐवजी विचारा, दारूचं तुला बरं काय वाटतं? पहिल्यांदा हा प्रश्न विचारताना जीभ अडते, कारण वाटतं की आपण दारूची बाजू घेतोय. तो सांगतो, चार माणसांत बोलता येतं, आवाज कमी येतात. मग, आणि काय बरं वाटत नाही? इथे तो स्वतःच्या तोंडाने बोलतो: “सोरो सोडूंक जाय, पूण…” (दारू सोडायला हवी, पण…) नवशिका त्या ‘पूण’वर झडप घालतो. तुम्ही ‘सोडूंक जाय’वर थांबा. तेच शब्द परत म्हणा, आणि गप्प बसा.

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारिया यांचा पुतळा आहे. १७५६ साली कांदोळीला जन्मलेला हा माणूस पॅरिसला जाऊन सांगत होता की संमोहनात चमत्कार करणाऱ्याच्या अंगातली शक्ती काम करत नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं. विद्यार्थ्यांना मी ते उदाहरण देते. बदल रुग्णाच्या आत असतो हे ऐकायला सोपं वाटतं. तो तिथे आहे असं धरून दर बुधवारी त्याच माणसासमोर पुन्हा बसणं अवघड असतं.

भाषेकडे लक्ष द्या. आपण मराठीत लिहितो, इंग्रजीत शिकतो, आणि रुग्ण कोंकणीत रडतो. दोडामार्ग-सावंतवाडीहून बांबोळीला येणारा मालवणीत बोलेल, वास्कोचा कामगार कन्नडात किंवा हिंदीत. ‘डिप्रेशन’ला पेडण्यातली बाई ‘जिवाक बरें ना’ म्हणते, आणि ते पोटदुखीलाही म्हणते. रुग्णाचे शब्द नोंदीत जसेच्या तसे लिहा. तिथल्या तिथे इंग्रजी करू नका.

आणि घाडीकडे जाऊन आला, देवाला कौल लावला, नारळ ठेवला असं कुणी सांगितलं तर कपाळाला आठी घालू नका. घरच्यांनी त्याच्यासाठी पैसे आणि वेळ खर्च केला, अजून आशा सोडलेली नाही, ही माहिती तुम्हाला त्यातून मिळते. गोळी चालू ठेवा एवढं सांगून पुढे जा.

पाचवी पायरी: गोव्यात हात कुठे बसवायचा

आयपीएचबीची ओपीडी आणि वॉर्ड ही पहिली जागा. शेजारीच गोवा वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे यकृत बिघडलेला, फिट आलेला, विष घेतलेला रुग्ण आणि त्याचं मन, दोन्ही जवळून बघता येतं. प्रशिक्षणार्थी म्हणून जाण्यासाठी तुमच्या कॉलेजकडून पत्र लागेल. ते तीन-चार महिने आधी पाठवा.

दुसरी जागा संगत. १९९६ पासून गोव्यात काम करणारी ही संस्था आहे आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तिने जे करून दाखवलं ते जगभरात शिकवलं जातं. दारूचा त्रास असलेल्या पुरुषांसाठी तिने एक छोटी समुपदेशन पद्धत तयार केली आणि गोव्यातल्या दहा आरोग्य केंद्रांत तपासली. निष्कर्ष २०१७ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, न मिळालेल्यांत २६ टक्के. समुपदेशन करणारे मानसशास्त्राची पदवी नसलेले स्थानिक लोक होते. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की ते एकमेकांच्या बैठका रेकॉर्डवर ऐकायचे आणि गुण द्यायचे. पदवी नसलेल्यांना त्या देखरेखीने उभं केलं. पदवी असलेल्या आपल्यातल्या कितीजणांना ती मिळते?

(त्या अभ्यासात फक्त पुरुष होते. पिणाऱ्या बायका आपल्याकडे आरोग्य केंद्रात त्या कारणासाठी येतच नाहीत. डोकेदुखीसाठी, झोपेच्या गोळीसाठी येतात. विचारायचं तुम्हीच, दार लावून, सासू बाहेर असताना.)

तिसरी जागा स्वयंसहाय्य गट. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (ए.ए.) खुल्या सभा गोव्यात ठिकठिकाणी, चर्चच्या आणि शाळांच्या खोल्यांतून होतात. खुल्या सभेला बाहेरच्यांना बसता येतं. निदान सहा सभांना जा, मागे बसा, वही काढू नका. नातेवाईकांच्या अल-ॲनॉनलाही जा. ‘मनाच्या गोळ्या हीसुद्धा नशाच’ असा समज रुग्णांत कुठून कुठून पसरलेला असतो आणि त्यापायी चांगल्या चाललेल्या गोळ्या बंद होतात. ए.ए.चं स्वतःचं म्हणणं तसं नाही. औषधाचं डॉक्टर ठरवतील, सभासदाने डॉक्टर होऊ नये, असंच त्यांच्या साहित्यात आहे. रुग्णाला सभेला पाठवताना हे आधी सांगून पाठवा.

कोर्सची फी भरण्याआधी त्या संस्थेत जाऊन समोरासमोर विचारा. आठवड्याला सुपरव्हिजन किती तास, आणि ते कोण देतं? सायकोसिस असलेला आणि पिणारा रुग्ण इथे दाखल होतो, की परत पाठवता? रात्री फिट आली तर डॉक्टर किती वेळात येतात? वर्षभरात मी स्वतः किती रुग्ण पहिल्या भेटीपासून शेवटपर्यंत बघेन? कुणाला रिलॅप्स झाला, म्हणजे पुन्हा नशा सुरू झाली, तर त्याला काढून टाकता का? शेवटच्या प्रश्नाला ‘हो, नियमच आहे’ असं उत्तर आलं तर दुसरी संस्था शोधा. ज्या आजाराचं लक्षण म्हणून रुग्ण आला तेच लक्षण दिसल्यावर त्याला बाहेर काढणाऱ्या ठिकाणी तुम्ही उपचार शिकणार नाही.

सहावी पायरी: कायद्याची किमान ओळख

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा आहे, २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात. म्हणजे व्यसनी माणसालाही या कायद्यातले हक्क आहेत: माहिती मिळण्याचा, आपला प्रतिनिधी नेमण्याचा, सन्मानाने वागवलं जाण्याचा. घरच्यांनी पैसे भरले म्हणून कुणाला उचलून आणून खोलीत कोंडता येत नाही. हात-पाय बांधलेला रुग्ण कुठल्या केंद्रात दिसला तर ‘मी तर शिकाऊ’ म्हणून डोळे मिटू नका. तुमच्या सुपरव्हायजरला त्याच दिवशी लेखी कळवा.

अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-ए आहे. थोड्या प्रमाणातल्या किंवा स्वतःच्या सेवनाच्या गुन्ह्यात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला त्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. हणजुणे-मोरजीच्या बाजूने आलेली घाबरलेली मुलं आणि त्यांचे आई-बाप पहिल्यांदा पोलिसांचंच विचारतात. वकिली सल्ला तुम्ही देऊ नका. पण उपचाराला आल्यामुळे कुणी पकडत नाही, एवढं ठामपणे सांगता आलं पाहिजे.

पहिल्या आठवड्यासाठी

एक जाड वही घ्या. प्रत्येक रुग्णाला नाव न लिहिता क्रमांक द्या. पानावर चार गोष्टी: शेवटचा घोट कधी, मरणाचे विचार आहेत का, नशेशिवाय गेलेला सगळ्यात लांब काळ, आणि घरी गोळ्या कोण देतं. पानाची मागची बाजू कोरी सोडा, तिथे सुपरव्हायजर काय म्हणाले ते त्याच दिवशी लिहा. वहीच्या पहिल्या पानावर दोन नंबर: मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. रुग्ण निघताना हे दोन्ही चिठ्ठीवर लिहून द्यायचे, कारण तुमची ओपीडी दुपारी बंद होते.

आणि कुणी दोन फायली घेऊन आलं तर दोन्ही मागून घ्या. शेवटचं पान नको, पहिल्या पानापासून वाचा. वाचताना रुग्णाला बाहेर बसवू नका, त्याच्यासमोर वाचा आणि अडेल तिथे त्यालाच विचारा. सत्तरी तालुक्यातल्या त्या मुलाच्या फायली वाचायला मला चाळीस मिनिटं लागली. अर्ध्या वाटेत त्याने खुर्ची पुढे ओढली आणि एका तारखेवर बोट ठेवून म्हणाला, “हें चुकीचें बरयलां. आवाज त्या आदीं येताले.” (हे चुकीचं लिहिलंय. आवाज त्याआधी येत होते.)